आग-अन्वेषण, निवासी ट्रेलरमधील

आग-अन्वेषण, निवासी ट्रेलरमधील : मोटारगाडीमागे जोडून ओढून नेता येणाऱ्या आणि झोपणे, स्वयंपाक, स्नान इ. सोयींनी युक्त अशा चाकांवरील खोलीस निवासी ट्रेलर किंवा ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत सुटीतील प्रवासासाठी त्याचा फार मोठ्या प्रमाणावर वापर होतो. तेथील हिवाळ्यात तो घराच्या आवारात किंवा भाड्याच्या आवारात कित्येक महिने उभा करून ठेवतात. अशा वापरात नसलेल्या ट्रेलरला आग लागल्यास ती कोठे, कशामुळे व कोणत्या परिस्थितीत लागली हे शास्त्रीय पद्धतीने ठरविणे हा प्रस्तुत अन्वेषणाचा विषय होय. आग लागली तेव्हा आत कोणी नसते, प्रत्यक्ष साक्षीदार क्वचितच मिळतो आणि बहुधा आग विझेपर्यंत केवळ पोलादी सांगाडा व राख एवढेच शिल्लक राहते. तथापि या निष्कर्षावर बरेच काही अवलंबून असते. मालकाला विम्याची भरपाई मिळणार की त्याच्यावर जाळपोळीचा आरोप होणार, उत्पादकास सदोष भाग परत बोलवावा लागणार की नाही आणि तसाच भाग बसविलेल्या इतर ट्रेलरमध्ये झोपणारी कुटुंबे सुरक्षित आहेत की नाहीत, हे प्रश्न त्याच्याशी निगडित असतात.

रचना व ज्वलनशीलता : वजन कमी ठेवण्यासाठी ट्रेलरच्या भिंती पातळ प्लायवुड, पॉलिस्टायरीन फेस, लाकडी वा ॲल्युमिनियमाच्या पट्ट्या आणि बाहेरून ॲल्युमिनियमाचा पत्रा किंवा काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिक अशा थरांच्या असतात. गाद्या पॉलियुरेथेन फेसाच्या, तर छतावरील वायुवीजनाची झाकणे प्लॅस्टिकची असतात. खोलीचे घनफळ लहान आणि त्या मानाने ज्वलनशील द्रव्य पुष्कळ असल्यामुळे छताखाली तप्त वायूंचा थर लवकर तयार होतो. या थराचे तापमान सु. ६००° से. झाले म्हणजे त्यापासून होणाऱ्या प्रारणाने खोलीतील सर्व उघडे पृष्ठभाग जवळजवळ एकाच वेळी पेटतात. या अवस्थेला फ्लॅशओव्हर म्हणतात. याउलट दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर ऑक्सिजन अपुरा पडून आग मंदावते व प्रसंगी आपोआप विझते. छतावरील झाकण वितळून भोक पडले किंवा खिडकीची काच फुटली, की तीच आग पुन्हा भडकते. ट्रेलर बंद करून ठेवलेला असल्याने त्यातील आगीचा विचार करताना वायुवीजनाच्या या परिणामाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

ट्रेलरमध्ये ऊर्जेचे तीन स्वतंत्र उगम असतात : (१) बाहेरून तारेने घेतलेला १२० व्होल्ट प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह, (२) विद्युत् घटमालेपासून मिळणारा १२ व्होल्ट एकदिश प्रवाह आणि (३) सिलिंडरमधील प्रोपेन वायू. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करून घटमाला भारित करणारा परिवर्तक या दोन्ही विद्युत् व्यवस्थांना जोडतो. या सर्वांच्या मांडणीविषयीचे नियम अमेरिकेतील राष्ट्रीय विद्युत् संहितेच्या ५५१ व्या प्रकरणात व एनएफपीए ११९२ या मानकात दिलेले आहेत.

अन्वेषणशास्त्राचा विकास : विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात आगीचे अन्वेषण अनुभवी अग्निशामकांच्या परंपरागत ठोकताळ्यांवर चालत असे. काचेवर बारीक तड्यांचे जाळे दिसले म्हणजे आग द्रव इंधनाने झपाट्याने वाढली, जमिनीला भोक पडले म्हणजे तेथे पेट्रोल ओतले होते, लाकडाचा कोळसा चकाकत असेल तर आग लावलेली होती, असे हे आडाखे होते. पॉल एल. कर्क यांच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने या विषयाला भौतिकी व रसायनशास्त्र यांची बैठक देण्याचा प्रयत्न केला. तरी जुने आडाखे टिकून राहिले.

त्यांना १९९० नंतर धक्के बसले. फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे १९९० साली एका घराला आग लागून जीवितहानी झाली आणि जमिनीवरील जळित खुणांवरून घरातील पुरुषावर आरोप ठेवण्यात आला. पुढील वर्षी तशाच शेजारच्या घरात प्रायोगिक आग लावली असता केवळ कोचापासून सुरू झालेल्या आगीने पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हरची अवस्था गाठली व द्रव इंधन नसतानाही तशाच खुणा निर्माण झाल्या. त्यामुळे आरोप मागे घेण्यात आले. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९९१ साली टेकड्यांवरील वणव्यात जळालेल्या घरांच्या पाहणीवरून, काचेवरील तडे जलद तापण्याने नव्हे तर तप्त काचेवर पाणी पडून ती एकदम थंड झाल्याने पडतात, हे स्पष्ट झाले. मात्र टेक्सस राज्यातील कॉर्सिकाना येथे त्याच वर्षी लागलेल्या आगीत तीन मुली मरण पावल्या तेव्हा त्यांचे वडील कॅमरन टॉड विलिंगम यांना मुख्यतः अशाच आडाख्यांच्या आधारे दोषी ठरविण्यात आले व २००४ साली त्यांना देहान्त शासन देण्यात आले. या पुराव्याला शास्त्रीय आधार नव्हता, असे मत पुढे अनेक तज्ञांनी नोंदविले.

अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने (स्थापना १८९६) १९९२ साली एनएफपीए ९२१ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आगीचे अन्वेषण शास्त्रीय पद्धतीने करावे, हे तिचे मुख्य सूत्र आहे. तज्ञाचे मत विश्वसनीय पद्धतीवर आधारलेले असले पाहिजे, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डॉबर्ट खटल्यात मांडले. १९९९ साली कुम्हो टायर खटल्यात ते अभियंते व इतर तांत्रिक तज्ञ यांनाही लागू करण्यात आले. त्यामुळे या मार्गदर्शिकेचे महत्त्व वाढले.

पद्धती : अन्वेषणात प्रथम प्रश्न निश्चित करून माहिती गोळा करतात, तिचे विश्लेषण करून संभाव्य कारणांची गृहीतके मांडतात आणि प्रत्येक गृहीतक उपलब्ध तथ्यांशी ताडून पाहतात. गृहीतक सिद्ध करण्यापेक्षा ते खोटे ठरविण्याचा प्रयत्न करणे ही या पद्धतीची खरी कसोटी होय. कारण या संज्ञेत तीन गोष्टींचा समावेश होतो : प्रज्वलनाचा उगम, प्रथम पेटलेले द्रव्य आणि या दोहोंना एकत्र आणणारी परिस्थिती. ‘विजेमुळे आग लागली’ एवढे विधान म्हणूनच अपुरे ठरते. कोणत्या जोडाजवळ किती उष्णता निर्माण झाली व तिने कोणते द्रव्य पेटविले, हे सांगता आले पाहिजे.

पूर्वपीठिका : उभ्या ठेवलेल्या ट्रेलरच्या बाबतीत अवशेषांना हात लावण्यापूर्वी मिळविलेली माहिती विशेष निर्णायक ठरते. ट्रेलर केव्हापासून उभा होता, आत शेवटी कोण व केव्हा गेले, बाहेरील विद्युत् पुरवठा जोडलेला होता काय, घटमालेचा विच्छेदक स्विच बंद होता काय, छतावर सौर पट्ट होते काय, सिलिंडरच्या झडपा बंद केल्या होत्या काय, प्रशीतक चालू होता काय आणि नुकतीच कोणती दुरुस्ती झाली होती, हे प्रश्न विचारले जातात. आवाराच्या प्रवेशद्वारावरील नोंदी, कॅमेऱ्यांचे चित्रण, विजेच्या मीटरचे वाचन, हवामान व वीज कोसळल्याच्या नोंदी आणि प्रथम पोहोचलेल्या अग्निशामकांची निवेदने मिळवितात. आग प्रथम कोठून बाहेर पडताना दिसली व दार कुलूपबंद होते काय, हे त्यांच्याकडूनच कळू शकते. सांगाड्यावरील १७ अक्षरांकांच्या वाहन-ओळखक्रमांकावरून नमुना व उत्पादनवर्ष ठरवून त्यातील एखादा भाग सुरक्षिततेच्या कारणास्तव परत बोलाविलेला आहे काय, हे शासकीय नोंदींत पाहता येते.

या माहितीने अनेक गृहीतके आरंभीच निकालात निघतात. उदा., १०० अँपिअर-तास धारणेच्या घटमालेतून वायुशोधकासारख्या उपकरणांना सतत ०·१ अँपि. प्रवाह जात असेल, तर ती सु. १,००० तासांत म्हणजे सु. ४२ दिवसांत रिकामी होते. बाहेरील पुरवठा व सौर पट्ट नसलेला ट्रेलर विच्छेदक चालू ठेवून सहा महिने उभा असेल, तर १२ व्होल्ट मंडलात आग लावण्याइतकी ऊर्जा उरली असण्याचा संभव फारच थोडा. याउलट विच्छेदक बंद असल्यास घटमालेत भार टिकून राहतो आणि विच्छेदकाच्या आधी थेट घटमालेला जोडलेल्या तारा जिवंत असतात. ट्रेलर गाडीपासून अचानक सुटल्यास ब्रेक लावणारा आपत्कालीन स्विच बहुधा असाच थेट जोडलेला असतो. त्यामुळे त्याची तपासणी आवर्जून करतात.

उगमस्थानाचा शोध : तपासणी बाहेरून आत आणि कमी जळालेल्या भागाकडून अधिक जळालेल्या भागाकडे करतात. प्रत्येक टप्प्यावर छायाचित्रे घेऊन आराखड्यावर नोंदी करतात. छत कोसळलेले असल्यास राखेचे थर वरून खाली एकेक करून उचलतात, कारण वस्तू कोणत्या क्रमाने पडल्या हे थरांवरून समजते. धातूंची अवस्था तापमानाची ढोबळ कल्पना देते : शिसे ३२७° से., ॲल्युमिनियम ६६०° से. व तांबे १,०८५° से. या तापमानांना वितळते. तथापि सर्वांत अधिक जळालेली जागा म्हणजे उगमस्थान, असे समीकरण मांडता येत नाही. फ्लॅशओव्हरनंतर ज्या ठिकाणी हवा मिळते त्या ठिकाणी, म्हणजे खिडकी, दार किंवा वायुवीजनाचे भोक यांजवळ, ज्वलन सर्वांत तीव्र होते. नेव्हाडा राज्यातील लास व्हेगस येथे २००५ साली झालेल्या एका प्रयोगात दोन खोल्यांना आग लावून ती फ्लॅशओव्हरनंतर सु. दोन मिनिटे जळू दिली व ५३ अन्वेषकांना उगम खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात आहे, हे ओळखण्यास सांगितले. प्रत्येक खोलीबाबत केवळ तिघांचे उत्तर बरोबर आले. पूर्ण जळालेल्या ट्रेलरमध्ये केवळ जळित खुणांवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसते.

ट्रेलरच्या तळाशी पातळ प्लायवुड असल्याने पेटते फर्निचर किंवा वितळलेले प्लॅस्टिक पडूनही त्याला भोके पडतात. टायर पेटल्यास बराच काळ तीव्र उष्णता देत राहतात व चाकांजवळ खोल जळित दिसते. दाबमोचक झडप उघडून सिलिंडरमधून निघालेली ज्वाला समोरच्या भिंतीवर तीव्र खुणा उमटविते. हे तिन्ही आगीचे परिणाम आहेत. ते कारण आहेत असे मानल्यास सर्व अन्वेषण चुकीच्या दिशेने जाते.

संभाव्य कारणे : विद्युत् दोष : सैल किंवा गंजलेल्या जोडाचा रोध वाढला म्हणजे तेथे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते. उदा., ३० अँपि. प्रवाह ०·१ ओहम रोधाच्या जोडातून जात असता तेथे ९० वॉट उष्णता निर्माण होते. प्रवाह मर्यादेत असल्यामुळे वितळतार किंवा मंडलखंडक तो तोडत नाही. बाहेरील पुरवठ्याच्या तारेचे टोक, परिवर्तक आणि गोठण टाळण्यासाठी लावून ठेवलेले विद्युत् तापक ही अशा दोषांची नेहमीची ठिकाणे होत. उंदीर-घुशी तारांचे निरोधन कुरतडतात. बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या यंत्रणेत तारा घासल्या जातात. पोलादी सांगाड्यास टेकलेल्या व वितळतारेने संरक्षित नसलेल्या घटमालेच्या तारेतून शेकडो अँपि. प्रवाह वाहू शकतो.

तांब्याच्या तारेवर वितळलेला मणी दिसणे म्हणजे आगीचे कारण सापडणे नव्हे. जिवंत तारेचे निरोधन आगीत जळाल्यानेही विद्युत् प्रज्योत निर्माण होऊन तसाच मणी तयार होतो आणि केवळ बाह्यस्वरूपावरून या दोहोंत फरक करता येत नाही. असा मणी एवढेच सांगतो की, त्या क्षणी तार जिवंत होती. शिवाय वितळलेले ॲल्युमिनियम तांब्यावर ठिबकले, तर त्यांचे मिश्रण सु. ५४८° से. तापमानालाच वितळू शकते. पत्रा व पट्ट्या ॲल्युमिनियमाच्या असलेल्या ट्रेलरमध्ये तारांची अशी झीज विद्युत् दोषाची खूण समजली जाण्याचा धोका असतो.

प्रशीतक : ट्रेलरमध्ये अनेकदा शोषण प्रकारचा प्रशीतक असतो. त्यात अमोनिया, पाणी व हायड्रोजन उच्च दाबाखाली बंदिस्त असून वायूची ज्योत किंवा विद्युत् तापक यांनी बाष्पित्र तापवितात. बाष्पित्राच्या नळीला चीर पडल्यास हायड्रोजन व अमोनिया बाहेर येऊन पेटू शकतात. या दोषामुळे अमेरिकेत २००६ मध्ये एका उत्पादकाला ९ लाखांहून अधिक प्रशीतक सुधारणेसाठी परत बोलवावे लागले. २०१० मध्ये दुसऱ्या एका उत्पादकाने आपल्या मोठ्या आकाराच्या प्रशीतकांबाबत तशीच घोषणा केली. गळती झालेल्या नळीजवळ गंजरोधक म्हणून घातलेल्या सोडियम क्रोमेटाचा पिवळा थर आढळू शकतो. मात्र नळी आगीच्या उष्णतेनेही फुटू शकते. उभ्या ट्रेलरमधील प्रशीतक ज्योत व तापक दोन्ही बंद असताना तापत नाही. म्हणून तो चालू होता काय, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

इंधन वायू : प्रोपेन हवेच्या सु. दीडपट जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण सु. २·१ ते ९·५ टक्के असताना पेट घेतो. वायू साचून स्फोट झाला असेल, तर भिंतींचे पत्रे दूर फेकले जातात. असा पत्रा दूर सापडला व त्याची आतील बाजू जळालेली नसेल, तर स्फोट आगीच्या आधी झाला, असे अनुमान करता येते. झडपेची मूठ वितळली असली, तरी आतील दांड्याची स्थिती क्ष-किरण चित्रावरून कळू शकते. सिलिंडरच्या झडपा बंद होत्या असे ठरल्यास वायूचे गृहीतक बहुतेक बाद होते.

इतर कारणे : जवस तेलाने भिजलेल्या चिंध्या स्वयंतापनाने पेटू शकतात. परंतु ही क्रिया साधारणतः काही तासांत ते एक-दोन दिवसांत घडते. म्हणून चार महिने कोणीही न उघडलेल्या ट्रेलरमध्ये ते कारण संभवत नाही. वाळलेले गवत, शेजारच्या वाहनाची आग व वीज कोसळणे ही बाह्य कारणे होत. आवारात ट्रेलर एकमेकांलगत उभे असल्यास आग प्रथम कोणत्या ट्रेलरला लागली, हेच आधी ठरवावे लागते. हेतुपुरस्सर आग लावल्याचे गृहीतकही इतर गृहीतकांप्रमाणेच पुराव्याने तपासावयाचे असते. फोडलेले कुलूप, आगीपूर्वी हलविलेले सामान किंवा परस्परांशी संबंध नसलेली दोन उगमस्थाने यांचा विचार करतात. इतर कोणतेही कारण सापडले नाही म्हणून आग लावलेलीच असली पाहिजे, हा युक्तिवाद एनएफपीए ९२१ च्या २०११ च्या आवृत्तीने अशास्त्रीय म्हणून अमान्य केला.

प्रयोगशालेय परीक्षण : द्रव इंधनाचा संशय असल्यास अवशेषांचे नमुने हवाबंद डब्यांत घेऊन वायुवर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांच्या संयुक्त तंत्राने तपासतात. प्लायवुडमधील आसंजके, फेस व प्लॅस्टिके यांच्या ऊष्मीय अपघटनातूनही पेट्रोलमध्ये आढळणारी काही संयुगे तयार होतात. म्हणून द्रव पडले नसावे अशा ठिकाणचा तुलनात्मक नमुनाही घेतात. विद्युत् उपकरणांची तपासणी प्रथम क्ष-किरणांनी व नंतरच सुटे करून करतात. वस्तूचे स्वरूप बदलणारी कोणतीही तपासणी करण्यापूर्वी मालक, विमा कंपनी, उत्पादक इ. संबंधितांना सूचना देऊन हजर राहण्याची संधी दिली जाते. पुरावा एकदा नष्ट झाला म्हणजे दुसऱ्या पक्षाला आपली बाजू मांडण्याचे साधनच उरत नाही.

निष्कर्ष : आगीचे वर्गीकरण अपघाती, नैसर्गिक, हेतुपुरस्सर व अनिर्णीत असे करण्याची प्रथा आहे. उगमस्थान ठरले नाही, तर सामान्यतः कारणही ठरविता येत नाही. सर्व तथ्यांशी जुळणारे एकच गृहीतक शिल्लक राहिले तरच कारण निश्चित म्हणता येते. दोन किंवा अधिक गृहीतके उरल्यास अनिर्णीत हाच योग्य निष्कर्ष होय. त्यात अन्वेषकाचे अपयश मानण्याचे कारण नाही. पुराव्याच्या पलीकडे जाऊन दिलेला ठाम निर्णय निर्दोष व्यक्तीला शिक्षा घडवू शकतो किंवा सदोष उपकरणाला निर्दोष ठरवू शकतो.

प्रतिबंध : ट्रेलर दीर्घकाळ उभा करताना घटमालेचा विच्छेदक बंद करणे किंवा घटमाला काढून ठेवणे, बाहेरील पुरवठा अनावश्यक असल्यास तोडणे, सिलिंडरच्या झडपा बंद करणे, प्रशीतक बंद ठेवणे, उंदरांचे प्रवेशमार्ग बुजविणे, आत तेलकट चिंध्या न ठेवणे आणि शेजारच्या वाहनापासून अंतर राखणे हे उपाय अन्वेषणांतून मिळालेल्या अनुभवावर आधारलेले आहेत. हे उपाय केल्याची छायाचित्रांसह नोंद ठेवल्यास पुढे आग लागलीच, तर अनेक गृहीतकांचा निकाल लवकर लागतो. भारतात ओढून नेण्याच्या ट्रेलरपेक्षा स्वयंचलित निवासी वाहने अधिक आढळतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाविषयीचे धोरण जाहीर केले. अशा वाहनांतही घटमाला, इंधन वायू व ज्वलनशील अंतर्भाग हे घटक एकत्र येत असल्याने वरील तत्त्वे त्यांनाही लागू पडतात.